तीन नंबरचा पाइप

बाबा,

मी अजून फोमच विकते. तुम्ही गेलात तेव्हा विकत होते, आजही विकते. आता बॅग घेऊन साहेबांच्या दारात उभं राहावं लागत नाही, एवढाच फरक. हाताखाली चार जण आहेत, ते जातात. सियागंज बाजारातलं सेठजींचं ते दुकान राहिलं नाही. सेठजी वारले, मुलाला या मालात रस नव्हता, एजन्सी माझ्या नावावर आली. कुणी विचारलं की तुम्ही नक्की काय विकता, तर मी तुमचंच उत्तर देते. जमिनीखालून ज्या पाइपातून केबल इमारतीत येते, त्या पाइपात केबलभोवती जागा उरते. त्या जागेतून पाणी येतं, उंदीर येतात, वायू येतो. ती जागा आम्ही बुजवतो. एवढं बोलून तुम्ही थांबायचात. समोरच्याला वाटायचं, अजून काही सांगतील. तुम्ही चहाचा कप उचलायचात.

मिल बंद झाली तेव्हा तुम्ही एक्कावन्न वर्षांचे होतात. बंद झाली असं एका दिवशी कुणी सांगितलं नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी गेली, मग फाटकावर कागद चिकटला. बाकीचे लोक कागद वाचून घरी गेले, काही दिवस घोषणा देऊन गेले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी परतलं. तुम्ही आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन जात राहिलात. पावरहाऊसची वीज अजून कापली नव्हती, आणि जिथे वीज चालू आहे तिथे वायरमन लागतो, असं तुमचं म्हणणं. चौकीदार तुम्हाला आत सोडायचा. तुम्ही एकटे पॅनेल पुसायचात, केबलच्या खंदकात उतरून पाहायचात, डबा खायचात, परत यायचात. एके दिवशी बाहेरची केबल कापली गेली. त्या दिवशी तुम्ही दुपारीच आलात, चपला काढल्या आणि आईला म्हणालात, "चल, झालं." आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "हात धुवा." एवढंच बोलणं झालं.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरात होते. वाङ्मय घेतलं म्हणून तुम्ही कधी बोलला नाहीत. एकदाच म्हणालात की तुला वाक्य नीट लिहिता येतं, ते कुठे ना कुठे कामी येईल. ते सियागंजात कामी आलं. सेठजींना पत्रं टाइप करायला माणूस हवा होता. त्या दिवसांत शहरात जिकडेतिकडे खोदकाम चालू होतं. टेलिफोनच्या केबल, विजेच्या केबल, नवे कारखाने, नव्या बँका. सेठजींनी नटबोल्टच्या जोडीला या फोमची एजन्सी घेतली. एका पिशवीत दोन कप्पे, एकात एक रसायन, दुसऱ्यात दुसरं; मधला अडसर काढून पिशवी मळायची, कोपरा कापून नळीने पाइपात भरायचं, काही मिनिटांत ते फुगून घट्ट होतं. विकायला मलाच पाठवलं. मी म्हणाले, मला यातलं काही कळत नाही. सेठजी म्हणाले, "बेटा, तुझे देखकर साहब लोग गाली नहीं देंगे. आधा माल तो वहीं बिक गया."

पहिली पिशवी मी घरी आणली ती संध्याकाळ मला सगळीच्या सगळी आठवते. स्वयंपाकघरात जमिनीवर आपण दोघं बसलोय. तुम्ही कुठूनतरी पाइपाचा हातभर तुकडा आणलाय आणि त्यात केबलचे तीन तुकडे घातलेत. आई चुलीपाशी पाठ करून बसली आहे आणि तरी सगळं पाहते आहे. मी पिशवी मळते, ती हातात गरम होते. तुम्ही म्हणता, "अरे, हिला ताप आला." मी भरते, फोम पाइपातून बाहेर येतो आणि परातीच्या काठावर पडतो. आई ओरडते, "माझ्या परातीत विष कालवू नका हो बापलेक! त्यात कणीक मळायची आहे मला." तुम्ही हसता. बऱ्याच महिन्यांनी तुम्ही हसता. मग फोम वाळल्यावर तुम्ही खिशातून कापूस काढता.

हा कापूस मिलमधला. पावरहाऊसमध्ये पाइपांची तोंडं तुम्ही काथ्या आणि डांबर भरून बंद करत होतात. तोंड नीट बंद झालं की नाही ते पाहायला धूर चालत नसे, कारण मिलमध्ये काडी पेटवायला मनाई. म्हणून तुमच्या उस्तादाने तुम्हाला ही रीत शिकवली होती. कापसाचा एक तंतू ओढून चिमटीत धरायचा, पाइपाच्या तोंडाशी न्यायचा आणि स्वतःचा श्वास रोखायचा. तंतू हलला तर हवा येते आहे. तुम्ही तो तंतू त्या तुकड्याशी धरलात आणि मला म्हणालात, दुसऱ्या टोकाने फुंक मार. मी फुंकलं. तंतू हलला. मला वाटलं, माल खराब आहे. तुम्ही करवत आणून तो तुकडा उभा कापलात आणि दाखवलंत. तिन्ही केबल एकमेकींना चिकटून पडल्या होत्या. फोम त्यांच्याभोवती सगळीकडे गेला होता, पण तिघींच्या मधोमध एक बारीक पोकळी राहिली होती, पेन्सिलीएवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही म्हणालात, "आधी पाचर घालून केबल अलग करायच्या. मग भरायचं. नाही तर वरून बंद दिसेल आणि आतून रस्ता चालू."

त्या आठवड्यात तुम्ही मला दोन नमुने बनवून दिलेत. आरपार दिसणारी नळी, आत केबल, आत फोम. लाकडाच्या पाटीवर बसवून, कडा घासून, वार्निश लावून. एका नमुन्यात केबल अलग केलेल्या, भरणी पूर्ण. दुसऱ्यात केबल चिकटलेल्या आणि मधे पोकळी. तुम्ही म्हणालात, दोन्ही दाखव. आधी चुकीचं दाखव, मग बरोबर. मी पहिल्या दोन ठिकाणी तसं केलं. दुसरा नमुना हातात घेतला की साहेब लोक कपाळाला आठी घालायचे, म्हणायचे, म्हणजे तुमचा माल असाही राहू शकतो का, मॅडम? त्यानंतर मी एकच नमुना नेऊ लागले. तुम्ही एकदा विचारलंत, दुसरा कुठे आहे? मी म्हणाले, दुकानात आहे. तो माझ्या टेबलाच्या खणात होता.

ऑर्डरी मिळू लागल्या, तसा भरणारा माणूस हवा झाला. तुम्ही फिटर झालात. मी लूना चालवते आहे, तुम्ही मागे बसला आहात, मांडीवर पिशवी, पिशवीत पाचरी, करवत, चिंध्या, कापूस. मिलसमोरच्या हॉटेलात तुमचे जुने सोबती अजून बसायचे. त्यातला एक हटकून ओरडायचा, "क्यों भिया, बेटी चला री है और आप पीछे?" ते काका. मिलमध्ये तुमच्यासोबत पावरहाऊसला होते, तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ. तुम्ही म्हणायचात, "मागून रस्ता चांगला दिसतो." काका म्हणायचे, "हां, आणि पडायला पण तुम्हीच पहिले." काकांना तेव्हा काम नव्हतं. सोयाबीन तेलाचा एक नवा कारखाना उभा राहत होता, पोलोग्राउंडच्या पुष्कळ पुढे, शेतं सुरू होतात तिथे. तिथल्या पाइपांचं काम आपल्याला मिळालं. स्विच रूमला माणसं घेतायत हे तुम्हीच काकांना सांगितलंत, तुम्हीच त्यांना साहेबांसमोर उभं केलंत. काका लागले.

त्या कारखान्याबद्दल मला तेव्हाही माहीत होतं आणि तुम्हालाही. सोयाबीनमधून तेल काढायचं ते पेट्रोलसारख्या एका द्रवाने. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटते आणि खड्डा किंवा पाइप सापडला की त्यात उतरते. म्हणून तर तिथे फोम हवा होता. फाटकावर आपल्या खिशात काडेपेटी आहे का हे पाहत. तुमच्या खिशातून फक्त कापूस निघाला, तेव्हा चौकीदार म्हणाला, "बाबूजी, कान में डालते हो क्या?"

स्विच रूमच्या भिंतीत बारा पाइप होते. तीन दिवस आपण तिथे होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पिशवी संपली आणि तुम्ही एकेक पाइप तपासायला बसलात. मी हे इतक्या वेळा मनात पाहिलं आहे की आता त्यात माझं किती आणि घडलेलं किती, हे सांगता येत नाही. पण बोलणं आहे तसंच आहे. तुम्ही उकिडवे बसला आहात. एक नंबर, दोन नंबर. तीन नंबरपाशी तुम्ही थांबता. तंतू बदलता. पुन्हा धरता.

"तीन नंबर हलतोय," तुम्ही म्हणता.

"दारातून वारा येतोय, बाबा."

तुम्ही दाराकडे पाहिलंत. दार बंद होतं. बाहेरची धूळ पॅनेलवर बसू नये म्हणून मीच ते लावलं होतं. तुम्ही जरा बाजूला सरकलात. म्हणालात, "तू बघ एकदा."

मी वाकले. तंतू एका बाजूला झुकला होता आणि मधूनमधून सरळ होत होता. मी ते पाहिलं.

"केबल चिकटल्या असतील मधे," तुम्ही म्हणालात. "पाचर सरकली वाटतं. काढून परत भरावं लागेल."

"फोम संपलाय. नवा माल शुक्रवारी येणार."

"मग शुक्रवारी करू."

"उद्या पूजा आहे. उद्या मशीन चालू करून राहिलेत ते. साहेब बाहेर तपासल्याच्या कागदासाठी थांबलेत."

"पूजा करू दे की. कोण नाही म्हणतंय?"

तेव्हा मी ते बोलले. मी म्हणाले, "बाबा, ही काही तुमची मिल नाही. इथे कुणी आठ-आठ महिने बसून राहत नाही."

तुम्ही तंतू खिशात ठेवलात. हात चिंधीला पुसलेत, प्रत्येक बोट वेगवेगळं. मग म्हणालात, "तू म्हणतेस तर. कुठे?" मी बोट ठेवलं त्या जागी तुम्ही सही केलीत. सहीच्या वर माझं वाक्य होतं. सर्व पाइप तपासले असून ते पूर्णपणे हवाबंद आहेत. आधी नुसतं 'बंद' होतं, मी ते 'पूर्णपणे हवाबंद' केलं होतं, कारण ते वाचायला बरं वाटत होतं.

शुक्रवारी माल आला. तो टेलिफोनच्या कामाला लागला. तुम्ही आठवण केलीत, "ते तीन नंबर राहिलंय." मी म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप आली, तुम्ही पुन्हा म्हणालात. मी म्हणाले, हो, बघते. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत, आणि तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मीही ते टाळू शकले. सोय होती ती.

दोन-अडीच महिन्यांनी सकाळच्या पाळीत त्या कारखान्यात कुठेतरी गळती झाली. ती वाफ खंदकात उतरली, पाइपात शिरली, स्विच रूममध्ये जमिनीवर साठली. काकांनी स्विच पाडला. ठिणगी किती लहान असते हे तुम्ही मला शिकवलं होतं. काकांनी हात तोंडापुढे धरले म्हणून डोळे वाचले. हात गेले. बोटं एकमेकांना चिकटली, चेहऱ्याची डावी बाजू ओढली गेली. आपण सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा काकू व्हरांड्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात काकांचा जेवणाचा डबा होता, न उघडलेला, कारखान्यातून कुणीतरी आणून दिलेला.

चौकशी कारखान्याच्या ऑफिसात झाली. टेबलाच्या पलीकडे साहेब आणि बाहेरून आलेले दोन इंजिनीअर, अलीकडे सेठजी, मी आणि तुम्ही. मांडीवर माझी बॅग, बॅगेत तो एकच नमुना. त्यांनी तीन नंबरचा पाइप कापून आणला होता. जळलेला असला तरी मधली पोकळी दिसत होती. आत जाण्यापूर्वी सेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बेटा, आग लगी है. किसी एक का नाम तो लिखना पड़ेगा." त्यांनी कुणाचं नाव ते सांगितलं नाही. मी रात्रभर ठरवून आले होते की विचारलं तर सांगायचं. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, इस पर लिखा है चेक किया. किसने किया? मी तोंड उघडण्याआधी तुम्ही बोललात. "साहब, वो तीन नंबर मैंने चेक नहीं किया. थक गया था. बाकी सब किए." तुम्ही आयुष्यात थकलो असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम, आपको मालूम था? आणि मी मान हलवली. नाही अशी.

तोंड उघडण्याआधी तुम्ही बोललात, हे मी वर लिहिलं. ते खरं आहे. पण तुमच्यानंतरही बोलता येत होतं. बराच वेळ होता. एक इंजिनीअर चष्मा पुसत होता. पंखा फिरत होता. कुणालाच घाई नव्हती.

बाहेर आल्यावर मी लूना सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती. तुम्ही म्हणालात, "चोक ओढ." मी म्हणाले, बाबा, तुम्ही असं का सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "मला आता कोण नोकरी देणार होतं? तू कर." मग थोड्या वेळाने, रस्त्यावर, माझ्या पाठीमागून म्हणालात, "आईला यातलं काही नको." त्यानंतर या विषयावर आपण एक शब्द बोललो नाही. घर माझ्या पगारावर चाललं. तुमचं नाव कागदावर गेलं आणि कुठल्याही कारखान्यात तुम्हाला पुन्हा काम मिळालं नाही. मिलसमोरच्या हॉटेलात तुम्ही जाईनासे झालात. आपल्या मोहल्ल्यात लोक म्हणायचे, एवढा जुना वायरमन, आणि मित्राचेच हात जाळले.

काका घरी आले तेव्हापासून दर रविवारी सकाळी तुम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलात. त्यांना वस्तरा धरता येत नव्हता. न्हावी एकदा आला, त्याने ओढलेल्या कातडीवर दोन जागी कापलं, पुन्हा आला नाही. तुम्ही तुमचा ब्रश, तुमची वाटी घेऊन जायचात. मी दोन-तीनदा तुम्हाला सोडायला आले आहे. काका खाटेवर भिंतीला टेकून बसले आहेत. तुम्ही डाव्या बाजूला फार हळू, एकेक तांदळाएवढी जागा करता आहात. काका गप्प बसत नाहीत.

"क्यों रे, त्या दिवशी कापूस घरी विसरला होतास का?"

"हलू नको."

"बारा पाइप होते. अकरा पाहिले. एक पाहिला असता तर काय तुझी ट्रेन सुटत होती?"

"ओठ मिट. कापेल."

"कापून टाक. बाकी काय ठेवलंस?"

काकू आतून म्हणायच्या, "अहो, पुरे करा ना." तुम्ही म्हणायचात, "बोलू द्या वहिनी. बोलला की गाल सैल राहतो, वस्तरा नीट फिरतो." काका त्यावर हसायचे, शिवी द्यायचे आणि पुन्हा तेच सुरू करायचे. हे अकरा वर्षं. कधी थट्टेने, कधी खरंच. एकदा त्यांनी तुमच्या हातावर त्यांचा तो चिकटलेला हात मारला आणि वाटी उडाली, भिंतीवर फेस गेला. तुम्ही भिंत पुसलीत आणि अर्धी राहिलेली दाढी पूर्ण केलीत. मी दारात उभी होते. मला तेव्हा वाटलं होतं की आता सांगावं. मग वाटलं की तुम्ही अपमानित व्हाल, तुम्ही जे केलंत ते वाया जाईल. असं काहीतरी मला दर वेळी सापडायचं.

तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला काका आले, मुलाच्या खांद्याला धरून. दाढी वाढलेली. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुझ्या बापाने माझं वाटोळं केलं. पण माणूस होता. आला. दर रविवारी आला." मग माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "हो." पंगतीत वाढप चालू होतं. त्या एका शब्दाने मी दोन्ही गोष्टींना हो म्हटलं.

त्यानंतर माझं काम वाढत गेलं. नव्या मुलांना शिकवताना मी केबल अलग का करायच्या ते सांगते आणि एका कारखान्याची गोष्ट सांगते. एका फिटरने एक पाइप तपासला नव्हता. मुलं वहीत लिहून घेतात. मी नाव सांगत नाही. त्यातल्या एकाने मागच्या महिन्यात विचारलं, "मॅडम, लेकिन उसने एक ही क्यों छोड़ा?" मी त्याला म्हणाले, लंच के बाद बताती हूँ, आणि जेवणानंतर त्यांना घरी जायला सांगितलं.

त्यानंतरच्या मंगळवारी मी काकांकडे गेले. ते आता मुलाच्या फ्लॅटमध्ये असतात, तिसऱ्या मजल्यावर. काकू गेल्या. काका बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, कान चांगले आहेत, नजर कमी झाली आहे. मला आवाजावरून ओळखलं. "ये, फोमवाली," म्हणाले. सुनेने चहा आणला, ती आत गेल्यावर मी सांगितलं. तुम्ही तपासलं होतं. तंतू हलला होता. मी पाहिला होता. मी सही घेतली. शुक्रवार सांगितला आणि शुक्रवारी गेले नाही. चौकशीत मान हलवली. मी रांगेने सगळं सांगितलं, पत्र लिहिल्यासारखं, काही वगळलं नाही.

काकांनी मान रस्त्याकडे वळवली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मग म्हणाले, "तो फाटकावर आला होता."

मला कळलं नाही. मी विचारलं, कधी.

"काम झाल्यानंतर. दोनदा. मी पाळीवर जात होतो. हातात पिशवी, पिशवीत काथ्या आणि डांबराचा डबा. चौकीदार आत सोडत नव्हता, पास नव्हता ना. मी म्हणालो, काय भिया, इथे पण मिलसारखं रोज येऊन राहिलात का? रिकामे हिंडता, जा घरी. तो म्हणाला, सहज आलो होतो." काकांनी कप चाचपला. "मी बोललो असतो तर आत घेतलं असतं त्याला. माझं ऐकायचा तो चौकीदार."

बाबा, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

काकांनी चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "आणि मी त्याला जे बोललो अकरा वर्षं? दर रविवारी? ते आता कुठे नेऊ?" मी म्हणाले, काका, चूक माझी आहे. ते म्हणाले, "ती आहेच. ती तुझ्याकडे ठेव. मी माझं विचारतोय." त्यांचा आवाज चढला नाही. सून दारापर्यंत आली आणि परत गेली. काही वेळाने ते म्हणाले, "तू हे मला सांगायला नको होतंस. तो जिवंत असताना सांगितलं असतंस तर एका रविवारी तरी गप्प बसलो असतो. आता जा. परत येऊ नको." मी उठले. पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी हे कुणाला वाचून दाखवणार नाही, आणि कुठे ठेवणार तेही ठरवलेलं नाही. तुम्ही असतात तर मी असं लिहिलं नसतं. तुम्ही असतात तर काकांना सांगितलंही नसतं, एवढं मला आता कळतं. अजून एक राहिलं आहे. काकांच्या जिन्यावरून उतरताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली. राजवाड्यापाशी गाडी उभी करून मी उभ्यानेच पोहे खाल्ले. दुसऱ्यांदा मागून घेतले, पोहेवाल्याला म्हणाले, भिया, शेव जरा जास्त घाल. चव चांगली लागली, बाबा.